दुष्काळाच्या लेकरांची आई पंडिता रमाबाई



पावसानें दगा दिला म्हणजे खेड्यांत काय घडतें हें आपल्या उपदेशक बंधूंस सांगावयास नको. आधीं बैल विकला जातो, मग तांब्यापितळेचीं भांडीं जातात, आणि एके दिवशीं घरास कडी घालून कुटुंब मुंबईची वाट धरितें. १९७२ सालच्या मोठ्या दुष्काळांत अशीं हजारों कुटुंबें घाटावरून व मराठवाड्यांतून मुंबईस गेलीं. त्यानंतरही ही वाट कधीं बंद पडली नाहीं. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली हीं नांवें आतां आपल्या कित्येक मंडळ्यांत घरच्यासारखीं झालीं आहेत. कोणाचा भाऊ तेथें आहे, कोणाची लेक तेथें नांदते. बाप मजुरीस जातो, आई चार घरचीं धुणींभांडीं करिते, आणि मुलें दिवसभर मोकळीं राहतात.

त्या उपनगरांत अशा मुलांकरितां, तरुणांकरितां व खचलेल्या कुटुंबांकरितां झटणाऱ्या लहानमोठ्या संस्था आहेत. कोठें संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो, कोठें शिवण शिकवितात, कोठें शाळेच्या फीची सोय होते. त्यांच्यापुढें नित्य एक प्रश्न उभा असतो, व तो आपल्या मंडळ्यांपुढेंही आहे. भुकेलेल्यास आज भाकर दिली, पण उद्यां तो पुन्हां भुकेलाच राहणार. तर मग कोणतें साहाय्य असें आहे कीं जेणेंकरून मनुष्य आपल्या पायांवर उभा राहील?

ह्या प्रश्नाचें उत्तर स्वतःच्या भुकेंतून शिकलेली एक बाई आपल्या महाराष्ट्रांत होऊन गेली. पंडिता रमाबाईंचें नांव आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यांची विद्वत्ता व त्यांचें बायबलाचें भाषांतर यांविषयीं आपण पुष्कळ ऐकतों. परंतु त्या स्वतः दुष्काळांतून वांचलेल्या होत्या, आणि त्यांचें पुढील सर्व काम त्या एका अनुभवावर उभें राहिलें, ही गोष्ट बहुधा मागें राहते. म्हणून त्यांचें चरित्र आज ह्या बाजूनें पाहूं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या दक्षिण भागांत गंगामूळ नांवाच्या रानांत झाला. हा प्रदेश हल्लीं कर्नाटकांत मोडतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून संस्कृताचे मोठे पंडित होते. स्त्रियांस ती विद्या देऊं नये अशी त्या काळची समजूत असतां शास्त्रीबोवांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस ती शिकविली. लोकांनीं दोष दिला, वादविवाद झाले, पण ते डगमगले नाहींत. पुढें लक्ष्मीबाईंनीं तीच विद्या आपल्या धाकट्या मुलीस दिली. पहाटे, घरचीं कामें सुरू होण्यापूर्वीं, त्या निजलेल्या मुलीस उठवीत, जवळ घेत, आणि श्लोक म्हणवून घेत. अशा रीतीनें भागवत पुराणाचे हजारों श्लोक रमाबाईंस लहानपणींच मुखोद्गत झाले.

शास्त्रीबोवांच्या आश्रमांत विद्यार्थी व पाहुणे यांचा सतत राबता असे. त्यांच्या परामर्षांत मिळकत संपली व कर्ज झालें. रमाबाई काहीं महिन्यांच्या असतांनाच त्या कुटुंबानें आश्रम सोडिला, आणि त्यानंतर त्यांस कायमचें असें घर उरलें नाहीं. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास पायीं जावें, देवळांत पुराण सांगावें, आणि श्रोते जें देतील त्यांत गुजराण करावी, असें त्यांचें आयुष्य झालें. श्रोत्यांचीं घरें भरलेलीं होतीं तोंवर ही गुजराण चालली.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत टंचाई पडली. लोकांस स्वतःलाच खावयास नाहीं, तर पुराणिकास कोण देणार? हातांत होतें नव्हतें तें धान्यांत गेलें. दागिने गेले, चांगलीं वस्त्रें गेलीं, भांडीं गेलीं. शेवटीं विकावयास कांहीं राहिलें नाहीं. ह्या घरांत विद्या अपार होती, परंतु हातानें करावयाचें एकही काम कोणास येत नव्हतें, आणि येत असतें तरी कुळाच्या अभिमानामुळें त्यांनीं तें केलें नसतें. मजुरी करणें हलकें वाटे. भीक मागण्यास जीभ रेटेना. तें कुटुंब तिरुपतीजवळच्या रानांत शिरलें व कित्येक दिवस झाडांचा पाला व पाणी यांवर राहिलें. वृद्ध व दृष्टी अधू झालेल्या शास्त्रीबोवांनीं जलसमाधि घेऊन देह संपवावा असें ठरविलें. तेव्हां मुलगा श्रीनिवास पुढें आला. त्यानें जातीचा अभिमान सोडून मिळेल ती मजुरी करण्याचें कबूल केलें व वडिलांस त्या निश्चयापासून परतविलें. परंतु त्याला फार उशीर झाला होता. थोड्याच काळांत वडील वारले, मागोमाग आई वारली, आणि पुढें थोरली बहीणही गेली. आईच्या शेवटच्या आजारांत शेजारच्या घरीं भाकरीचा तुकडा मागावयास रमाबाईंस जावें लागलें, आणि तेथें उभें राहिल्यावर त्यांच्या तोंडांतून शब्द फुटेना.

वाचकहो, हा प्रसंग आपण ध्यानांत ठेवावा. घरांत आळस नव्हता, दुर्व्यसन नव्हतें, अधर्म नव्हता. तरीही तें घर उपाशी मेलें, कारण संकटसमयीं हातांस काम ठाऊक नव्हतें. रमाबाई हें कधीं विसरल्या नाहींत.

मग त्या बहीणभावंडांनीं अवघा हिंदुस्थान पायांखालीं घातला. उत्तरेकडे झेलम नदीच्या कांठीं थंडीच्या रात्रीं पांघरूण नसल्यामुळें वाळूंत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून, तीं दोघें निजत. हजारों मैलांच्या चालीनंतर १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली व तिजला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. सभांतून तिचा मोठा सत्कार झाला. परंतु दोन वर्षांत तो भाऊही मरण पावला. १८८० सालींच रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, म्हणून ह्या विवाहानें पुष्कळांस राग आला. १८८१ सालीं मनोरमा नांवाची मुलगी झाली, व १८८२ च्या फेब्रुवारींत बिपिनबाबू पटकीच्या रोगानें वारले. तेविसाव्या वर्षीं, कडेवर तान्हें मूल घेऊन, रमाबाई विधवा झाल्या.

त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला व स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें. शिक्षणाची चौकशी करण्यास सरकारनें नेमिलेल्या हंटर कमिशनापुढें त्यांनीं साक्ष दिली, आणि ह्या देशांतील स्त्रियांकरितां स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर पाहिजेत असें आग्रहानें सांगितलें. पुढें स्वतःस अधिक विद्या मिळावी म्हणून त्या १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेज गांवच्या भगिनीमंडळानें त्यांस आश्रय दिला. त्या मंडळाच्या भगिनी लंडनांतील फुलहॅम येथें वाट चुकलेल्या स्त्रियांकरितां एक आश्रम चालवीत असत. समाजानें टाकिलेल्या स्त्रियांस तेथें प्रीतीनें वागवून पुन्हां कामास लावीत, हें रमाबाईंनीं डोळ्यांनीं पाहिलें. ही दया कोठून येते असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला, व त्याचा शोध त्यांस प्रभु येशू ख्रिस्ताकडे घेऊन गेला. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेंत डॉक्टरीण झाल्या. त्या समारंभास रमाबाई गेल्या व पुढें सुमारें तीन वर्षें त्या देशांत राहिल्या. गांवोगांवीं फिरून त्यांनीं आपल्या देशांतील उच्चवर्णीय स्त्रियांची, विशेषेंकरून बालविधवांची, स्थिति लोकांपुढें मांडिली व १८८७ सालीं तिजवर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. लहान मुलांस खेळांतून शिकविण्याची बालोद्यानाची पद्धतही त्यांनीं तेथें अभ्यासिली. १८८७ सालींच बोस्टन येथें त्यांच्या नांवें एक मंडळी स्थापन होऊन तिनें दहा वर्षें द्रव्यसाहाय्य देण्याचें पतकरिलें.

अशा तयारीनें ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलें. आरंभीं मुली अगदीं मोजक्या होत्या. त्यांपैकीं गोदूबाई ह्या बालविधवेचा पुढें १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं विवाह झाला, आणि कर्व्यांनीं विधवांच्या शिक्षणाचें केवढें काम उभारिलें हें सर्वश्रुत आहे. १८९० सालीं सदन पुण्यास हलविलें. सदनांत कोणत्याही मुलीस धर्म शिकवावयाचा नाहीं, तिनें आपल्या घरचे आचार पाळावे, असा करार होता. परंतु रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या खोलीचें दार उघडें असे, आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या. १८९३ सालीं यावरून मोठा वाद माजला. रानडे, भांडारकर यांसारख्या सन्माननीय सल्लागारांनीं आपला संबंध सोडिला व पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. रमाबाईंचें म्हणणें असें होतें कीं मीं कोणास बोलाविलें नाहीं, पण माझें स्वतःचें दार बंद करणार नाहीं. दुसऱ्या पक्षास विश्वासभंग झाला असें प्रामाणिकपणें वाटलें. एका गोष्टीविषयीं मात्र दोन्ही पक्षांचें एकमत होतें, तें असें कीं ह्या मुलींस शिक्षण पाहिजे. आपण हा वाद सांगतांना दुसऱ्या पक्षाची निंदा करूं नये. त्यांतील कित्येकांनीं स्त्रियांकरितां फार सोसलें आहे.

बाहेरची मदत दहा वर्षांचीच, हें रमाबाई जाणून होत्या. म्हणून १८९५ च्या सुमारास त्यांनीं पुण्याच्या पूर्वेस दौंडच्या वाटेवर केडगांव येथें सुमारें १०० एकर जमीन घेतली. फळझाडें लावावीं व त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवावें असा विचार होता. ती जमीन कोरडी व उजाड होती. बाईंनीं विहिरी खोदविल्या व पाणी लागलें.

इतक्यांत १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतांत भयंकर दुष्काळ पडल्याची बातमी आली. रमाबाईंच्या हातीं पैसा थोडा होता, घरें नव्हतीं, सल्ला देणारे सर्व थांबा म्हणत होते. परंतु वीस वर्षांपूर्वींचें तें रान त्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. त्या निघाल्या. दुष्काळी कामांवर व अनाथगृहांत त्यांनीं हाडांचे सांपळे झालेलीं मुलें पाहिलीं, आणि पोरक्या मुलींस फसवून नेण्यास टपलेले दुष्ट लोकही पाहिले. दानाची भाकर घ्यावयास हात पुढें करितांना काय वाटतें हें त्यांस कोणी शिकवावें लागलें नाहीं. त्यांनीं सुमारें ३०० मुली व स्त्रिया टोळ्याटोळ्यांनीं महाराष्ट्रांत आणिल्या.

त्यावेळीं पुण्यांत प्लेग होता व अधिकारी एवढ्या माणसांस शहरांत राहूं देईनात. म्हणून सर्वांस केडगांवास नेलें. आज झाडाखालीं, उद्यां झोंपड्यांत, परवां पत्र्याच्या छपराखालीं, असें करीत वसति वाढली व तिला मुक्ति हें नांव मिळालें. प्लेगच्या बंदोबस्तांत स्त्रियांचे हाल होतात हें दिसतांच १८९७ सालीं बाईंनीं वर्तमानपत्रांत लिहून सरकारास उघड जाब विचारिला. ज्यांचें अन्न खाल्लें त्यांच्यापुढेंही खरें बोलण्यास त्या भ्याल्या नाहींत, व राज्य करणाऱ्यांपुढेंही नाहींत.

आतां मुक्तींत काय चाले तें पाहूं, कारण आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर तेथें आहे. नवी आलेली मुलगी प्रथम न्हाऊं घातली जाई, तिला वस्त्र मिळे, व अन्न थोडें थोडें दिलें जाई. ती सावरली म्हणजे तिच्या हातीं पाटी येई. पाटीबरोबर कामही येई. कोणी मागावर विणी, कोणी शिवी, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी गोठ्यांत, कोणी शेतांत, कोणी स्वयंपाकघरांत. छापखाना सुरू झाला तेव्हां त्यांतील खिळे जुळविणें, छापणें, बांधणी करणें हीं कामेंही मुलीच करूं लागल्या. नुसती विद्या पोटास पुरत नाहीं हें रमाबाईंनीं बापाच्या घरीं पाहिलें होतें. विद्येवांचून नुसती मजुरी मनुष्यास दबलेलें ठेविते हें त्यांनीं गांवोगांवीं पाहिलें होतें. म्हणून मुक्तींत पुस्तक आणि काम यांची ताटातूट त्यांनीं होऊं दिली नाहीं. ब्राह्मणाची पंडिता कन्या स्वतः केर काढी, दळणकांडणाची देखरेख करी, आणि कोणतेंही काम हलकें नाहीं हें मुली तिच्याकडे पाहूनच शिकत.

सर्वच गोड झालें असें नाहीं. आलेल्यांपैकीं कित्येकजणी इतक्या खंगलेल्या होत्या कीं औषधपाण्यानेंही वांचल्या नाहींत. कांहींस भुकेमुळें चोरीची व खोटेपणाची संवय जडली होती, आणि ती जाण्यास वर्षें लागलीं. कांहीं पळूनही गेल्या. परंतु काम थांबलें नाहीं. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां मुक्तींत वाढलेल्या मुली व तेथील साहाय्यक बाया तिकडे जाऊन पोरक्या मुलींस घेऊन आल्या. जिला काल उचलून आणिलें होतें तीच आज दुसरीस उचलावयास गेली. मुक्तींतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरांत पोंचली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांकरितां कृपा सदन, वृद्ध व दुबळ्या स्त्रियांकरितां प्रीति सदन, मुलांकरितां सदानंद सदन अशीं निराळीं घरें झालीं. मनोरमाबाई आईच्या उजव्या हातासारख्या होत्या. आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयास त्यांनीं शिकविलें. आंधळ्या झाल्या म्हणून त्यांनीं बसून खावें असें तेथें कोणासही वाटत नसे.

शेवटचीं वर्षें रमाबाईंनीं बायबलाच्या भाषांतरास दिलीं. खेड्यांतील थोडें शिकलेल्या बाईसही समजेल असें सोपें मराठी त्यांस पाहिजे होतें. त्याकरितां उतारवयांत त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या. १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. १९२१ च्या जुलैंत मनोरमाबाई वारल्या. आई, बाप, बहीण, भाऊ, पति आणि आतां एकुलती मुलगी, इतक्यांस पोंचवून ती बाई पुन्हां आपल्या कामास बसली. भाषांतर पुरें झालें. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथें त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ सालीं मुक्तीच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. मुक्तीचें काम त्यांच्यामागें बंद पडलें नाहीं. केडगांवास तें आजही चालू आहे.

केडगांवावरून जाणारा लोहमार्ग पुण्यावरून घाट उतरून मुंबईस जातो, आणि वाटेंत मुलुंड व घाटकोपर लागतात. आपल्या मंडळ्यांतील कुटुंबें ह्याच मार्गानें शहरांत उतरतात. त्यांच्याकरितां आपण काय करावें? मुक्तीएवढें काम उभारणें आपल्या हातीं नाहीं. पण मुक्तीची रीत आपल्या हातीं आहे. कोणी कुटुंब गांव सोडून निघालें तर उपदेशक बंधूनें तें कोठें उतरणार हें विचारून घ्यावें, व तेथील मंडळीच्या पाळकास आधींच पत्र लिहावें, म्हणजे मुलांची शाळा पहिल्या महिन्यांतच सुरू होईल. निघतांना मुलांचे शाळेचे दाखले त्यांच्या हातीं द्यावे. दाखल्यावांचून पुष्कळांचीं वर्षें फुकट जातात. गांवांत राहिलेल्या विधवेस मंडळीनें धान्य द्यावें हें तर खरेंच, पण त्याबरोबर तिला शिवण, कोंबड्या पाळणें, रोपें लावणें, जें कांहीं जमेल तें शिकविण्याची खटपट करावी. आणि ज्या मुलीस ह्या वर्षीं शाळेंतून काढून धाकट्या भावंडांस सांभाळावयास बसविलें आहे, तिच्या घरीं ह्याच आठवड्यांत जावें.

दारांत भाकरीकरितां उभी असलेली, तोंडांतून शब्द न फुटणारी ती मुलगी एकदां रमाबाई होती. आपल्या दारीं येईल ती कोण होणार हें आपणांस ठाऊक नाहीं. तिला भाकर देऊन पाठवूं नये, आंत घ्यावें. प्रभु आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो.